शोकातून केलेलं निसर्गचित्र मळकट का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई जाऊन वर्ष होत आलं. संध्याकाळी तिच्याबरोबर ज्या तळ्याकाठी फिरायला जायचात, ते तळं तुम्हाला जलरंगात रंगवायचंय. पहिल्या दोन वेळा इंडिगो (गडद निळा) आणि काळा चढवत गेलात आणि कागद मळून निघाला. तिसऱ्या वेळी फोटो समोर ठेवून नीट, सावकाश केलंत. चित्र स्वच्छ आलं, पण कॅलेंडरवरचं वाटतं. बघणारे ‘छान आहे’ म्हणतात आणि तुम्हाला ते ऐकवत नाही. खोट तंत्रात आहे, की मनाचीच अजून तयारी झालेली नाही, असं तुम्ही विचारलंय आणि सोबत तुमच्या रंगांची यादी दिली आहे.

बरीचशी खोट तंत्रात आहे. मनाची तयारी होण्याची वाट बघत बसू नका, ती कधी झाली हे कळत नाही. मी बरीच वर्षं जलरंग शिकवते आणि माणूस गेल्यावर ब्रश हातात घेणारे लोक दरवर्षी येतात. त्यातल्या बहुतेकांची चित्रं याच दोन ठिकाणी अडकतात. एक तर सगळं अंधारात बुडतं, नाहीतर नुसतं सुंदर होतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. दुःख रंगाच्या ट्यूबमध्ये आहे असं धरून आपण सुरुवात करतो, आणि ते तिथे नसतं. निसर्गचित्रात ते उतरतं उजेड आणि अंधार यांच्यातल्या अंतरातून, कुठली कड हरवू दिली आणि कुठली धरून ठेवली त्यातून, आणि किती कागद कोरा सोडायची हिंमत केली त्यातून. या तिन्ही गोष्टी शिकता येतात.

आधी मळकटपणाचं बघू. जलरंगात उजेड कागदाकडून येतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून आत जातो, पांढऱ्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत आपल्या डोळ्यापर्यंत येतो. थर पारदर्शक असेल तर गडद रंगसुद्धा आतून जिवंत दिसतो. थरावर थर चढवले, त्यात अपारदर्शक रंग मिसळले, अर्धवट सुकलेला थर ब्रशने पुन्हा उकरला, की कण सगळीकडे विखुरतात, कागदाचा पोत बुजतो आणि प्रकाशाची परतीची वाट बंद होते. यालाच आपण चित्र ‘मेलं’ म्हणतो. रंग किती गडद आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. अतिशय गडद तरी स्वच्छ असा भाग एका हातात करता येतो, आणि अगदी फिकट भागसुद्धा चिवडून चिवडून मळवता येतो.

त्यात जलरंगाची एक खोड आहे, ती ऐन अशा चित्रात नडते. ओला असताना जो रंग हवा तेवढा गडद दिसतो, तो सुकल्यावर बराच फिका पडतो. मन जड असताना हे फिकं पडणं सहन होत नाही. ‘एवढंच? मला तर याहून काळोख आठवतोय’ असं वाटतं आणि दुसरा थर चढतो, मग तिसरा. तुमच्या पहिल्या दोन चित्रांत हेच झालं असणार. उपाय साधा आहे: पहिल्याच वेळी रंग वाटतो त्याहून बराच दाट घ्यायचा, एकदा लावायचा आणि हात उचलायचा. मुख्य चित्राला हात घालण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर तुमच्या गडद मिश्रणाचे चार-पाच पट्टे पाण्याचं प्रमाण बदलत ओढा, पूर्ण सुकू द्या आणि मगच ठरवा कुठला घ्यायचा. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

काळ्या ट्यूबऐवजी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) यांचं मिश्रण वापरा. ते एकमेकांना जवळजवळ शमवतात, त्यामुळे निळ्याकडे झुकणाऱ्या थंड करड्यापासून तपकिरीकडे झुकणाऱ्या उबदार करड्यापर्यंत सगळी रांग दोनच रंगांत मिळते, आणि दाट घेतलं तर काळ्याच्या अगदी जवळ जाता येतं. दुसरा फायदा असा की अल्ट्रामरीनचे कण पाणी आटताना कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. मध्यम पोताच्या कागदावर त्यामुळे एक बारीक रवाळपणा येतो. संध्याकाळची दमट हवा दाखवायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. तिसरा रंग म्हणून रॉ सिएना (मातकट पिवळा) ठेवा आणि तिथेच थांबा. इंडिगो म्हणून आज जी ट्यूब मिळते, ती बहुतेक कंपन्यांची आधीच निळा आणि काळा मिसळून केलेली असते. पेन्स ग्रे या निळसर करड्याचंही तेच. त्यात तुम्ही आणखी काळा घातलात, म्हणजे काळ्यात काळा.

याचा अर्थ काळा वर्ज्य आहे असा नाही. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर याचा मित्र, चित्रकार डेव्हिड विल्की, 1841 मध्ये जहाजावर वारला आणि जिब्राल्टरजवळ समुद्रातच त्याचे अंत्यसंस्कार झाले. टर्नरने पुढच्या वर्षी त्यावर चित्र केलं (तैलरंगात, पण मुद्दा तोच आहे). त्यातल्या जहाजाची शिडं ठार काळी आहेत. ती फारच काळी झालीत असं कोणी म्हटल्यावर, याहून काळं काही मिळालं असतं तर तेच वापरलं असतं अशा अर्थाचं तो बोलल्याचं सांगतात. पण ते चित्र नीट बघा. जहाजाच्या मधोमध मशालीच्या उजेडाची एक उभी चीर आहे, आणि भोवतीचं आभाळ, धूर, पाणी हे सगळं हलकं, विरघळलेलं आहे. काळा एकाच ठिकाणी आणि उजेडाला चिकटून आहे. म्हणून तो लागतो. सगळीकडे पसरला असता तर नुसतीच रात्र झाली असती.

आता कॅलेंडरचा प्रश्न. तो जास्त अवघड आहे.

फोटोवरून केलेलं चित्र सुंदर आणि परकं का होतं? फोनचा कॅमेरा सगळ्याच गोष्टींना सारखाच न्याय देतो. समोरची पायरी, पलीकडच्या झाडाचं पान, पाण्यावरची लकेर, सगळं तितकंच टोकदार. शिवाय मावळतीचा नारिंगी तो चढवून देतो आणि सावल्या एक तर बुजवतो, नाहीतर कृत्रिमपणे उजळतो. आपण ते इमानाने उतरवतो आणि त्याबरोबर ही समान वाटणीही उतरते. आठवण अशी समान वाटणी करत नाही. तुम्हाला त्या तळ्याचं नक्की काय आठवतं? सगळं नाही आठवत. कदाचित काठाचा एक दगड लख्ख आठवतो आणि मागची टेकडी आहे की नाही याचीही खात्री नसते. तो दगड टोकदार आणि ती टेकडी विरलेली, हे चित्र तुमचं. बाकीचं कोणीही काढेल.

म्हणून फोटो बाजूला ठेवा आणि शक्य असेल तर तिथे जा. रंग नेऊ नका. एक वही आणि मऊ पेन्सिल पुरे. ज्या वेळी तुम्ही दोघी जायचात त्याच वेळी बसा आणि चित्र न काढता नोंदी करा: सगळ्यात उजळ काय आहे, सगळ्यात गडद काय आहे, कुठली कड दिसत नाही. पाणी आभाळापेक्षा उजळ दिसतंय की गडद? काठ आणि पाणी यांच्यामधली रेषा कुठे तुटते? रडू आलं तर येऊ द्या, वही कुठे पळून जात नाही. जाणं शक्य नसेल किंवा नको वाटत असेल, तर डोळे मिटून याच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. जुनी, अपुरी नोंद चालते. इंग्रज निसर्गचित्रकार कॉन्स्टेबल याची बायको मारिया 1828 च्या नोव्हेंबरमध्ये क्षयाने गेली. पुढच्या वर्षी त्याने हॅडली कॅसल या पडक्या किल्ल्याचं मोठं चित्र प्रदर्शनात मांडलं. त्याचा मूळ आधार होता 1814 मध्ये, लग्नाच्याही आधी, तिथे काढलेलं एक छोटं पेन्सिल रेखाटन. त्याच सुमाराला त्याने मारियाला पत्रात त्या किनाऱ्याबद्दल लिहिलंही होतं.

त्या चित्राच्या नावातच ‘वादळी रात्रीनंतरची सकाळ’ असं आहे. वादळ रंगवायचा मोह त्याला झाला नसेल असं नाही, आभाळ रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोण होता! पण त्याने निवडली ती नंतरची वेळ: वारा अजून आहे, ढग फाटतायत, उजेड येतोय पण ऊब नाही. वेळेची ही निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या चित्रात कुठली वेळ आहे? तुम्ही ‘संध्याकाळ’ लिहिलंय, पण सूर्यास्ताआधीची पंधरा मिनिटं आणि नंतरची पंधरा मिनिटं ही दोन वेगळी चित्रं आहेत. कॅलेंडरवाले नेहमी आधीची घेतात. तुम्ही नंतरची घेऊन बघा.

सूर्य गेल्यावर जमीन भराभर काळवंडते, पण आभाळात उजेड राहतो आणि पाणी आभाळाचा तो उजेड धरून ठेवतं. झाडं, काठ, टेकडी यांचा एकच सलग गडद आकार होतो. त्याच्या आतले तपशील डोळ्याला मिळतच नाहीत, तेव्हा रंगवायचेही नसतात. रंगांचंही तसंच. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग आधी काळपट दिसायला लागतात आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ वाटतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. म्हणून अशा वेळच्या चित्रात काठावर लाल फुलं असली तरी ती लाल रंगवू नका. ती जवळजवळ काळी होतात. प्रत्यक्ष बघितलेल्याला हे माहीत असतं, फोटोवरून करणाऱ्याला नसतं, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी फरक जाणवतो.

आता कागदाकडे वळू. कागद तीनशे ग्रॅमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या वजनाचा, जाड), सुती लगद्याचा घ्या. स्वस्त लाकडी लगद्याच्या कागदावर सराव जरूर करा, पण त्यावर पाणी एकसारखं टिकत नाही आणि रंग उचलायला गेलं की कागदाचे गोळे निघतात. हे चित्र पाण्याच्या वेळेवर चालणार आहे, तेव्हा कागदाने साथ द्यायला हवी. आकार मात्र लहान ठेवा, वहीच्या पानाच्या निम्मा. शोकातली माणसं मोठा कागद घेतात, कारण मनातलं मोठं असतं. मोठ्या कागदावर पाणी सांभाळता सांभाळता मनातलं बाजूलाच राहतं.

रंगाआधी तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलीने तीनच छटांचे चार-सहा आराखडे करा: कोरा पांढरा, मधला करडा, गडद. गडद भाग किती जागा व्यापतो आणि कुठे आहे, एवढंच बदलत राहा. एकात गडद वर, एकात खाली, एकात जवळजवळ नाहीच. यातला एखादा बघून पोटात कालवाकालव होते. तो घ्यायचा. कारण शोधू नका. अजून एकही रंग लावलेला नसतो आणि तरी ते होतं, हे एकदा अनुभवलंत की ट्यूबवरचा भरवसा आपोआप कमी होईल.

आराखडा ठरला की आभाळ आणि पाणी एकत्रच घ्या. कागद पाठपोट ओला करा, म्हणजे तो जास्त वेळ दमट राहतो आणि पाटावर सपाट बसतो. रॉ सिएनाची अगदी पातळ छटा क्षितिजाच्या पट्ट्यात, वर आणि खाली तिच्यात मिसळणारा करडा-निळा. मधे रेघ आखू नका. आभाळ आणि पाणी या क्षणी एकच आहेत.

यानंतर ब्रश खाली ठेवा आणि कागदाकडे तिरपं बघत बसा. आधी पाणी चकचकतं. मग चकाकी जाते आणि मंद झळाळी उरते. मग तीही जाते, कागद सुकल्यासारखा दिसतो, पण हाताची मागची बाजू टेकवली तर गार लागतो. गार लागणं थांबलं की खरा सुकला. पलीकडच्या काठाची झाडं लावायची वेळ म्हणजे चकाकी गेलेली आणि झळाळी उरलेली असते, तो थोडासाच काळ. आधी लावलीत तर रंग पसरून झाडं नाहीशी होतील, उशिरा लावलीत तर कड कात्रीने कापल्यासारखी येईल. बरोबर वेळी लावलीत तर झाडाचा शेंडा आभाळात मिसळतो पण झाड उभं राहतं. त्या वेळी ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं. दाट रंग घ्या, ब्रश फडक्यावर टेकवून जादाचं पाणी काढा आणि मगच लावा. ब्रश कागदापेक्षा ओला असला तर ते जादाचं पाणी अर्धवट सुकलेल्या रंगाला ढकलत जातं आणि फुलकोबीच्या कडेसारखा दातेरी डाग पडतो. सगळा खेळ इथेच आहे. एका बैठकीत तो जमणार नाही, आणि नाही जमला तरी बिघडत नाही. फक्त पडलेल्या डागाला लगेच पुसायला जाऊ नका. सुकू द्या. कित्येकदा तो डागच धुकं होतो.

प्रतिबिंबाबद्दल दोन गोष्टी, कारण तळ्याच्या चित्रात चुका तिथेच जास्त होतात. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा किंचित उजळ असतं आणि उजळ आभाळाचं प्रतिबिंब आभाळापेक्षा किंचित गडद. म्हणजे पाण्यात सगळंच थोडं एकमेकांजवळ सरकतं. दुसरं म्हणजे, लांबचं पाणी आपण तिरप्या नजरेने बघतो, म्हणून ते आभाळ दाखवतं. पायाशी आपण जवळजवळ सरळ खाली बघतो, तिथे पाणी तळ दाखवतं. चित्राच्या अगदी खालच्या भागात म्हणून आभाळाचा निळा नको, तळाचा तपकिरी-हिरवा हवा. हा बदल आला की बघणारा नकळत काठावर उभा राहतो. मग कुठेतरी वाऱ्याची एक झुळूक दाखवायची असेल तर प्रतिबिंबाला आडवी छेदणारी एक उजळ पट्टी सोडा. एकच. आधी सोडायला विसरलात तर सुकल्यावर स्वच्छ ओल्या सपाट ब्रशने रंग हलकेच उचलता येतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना बऱ्यापैकी उचलले जातात. थॅलो निळा घेतला असतात तर तो कागदात मुरला असता आणि हलला नसता.

हे सगळं पूर्ण सुकल्यावर टोकदार कड यायची. ती एकाच जागी. तुमच्या नोंदींत जी गोष्ट लख्ख आठवली होती ती: पायरी, दगड, पाण्यात वाकलेली फांदी, काहीही. तिला सगळ्यात गडद रंग आणि तिच्या शेजारीच सगळ्यात उजळ, शक्य असेल तर कोरा कागद. बाकी चित्रात याइतका मोठा उजेड-अंधाराचा फरक कुठेच नको. डोळा आपोआप तिथे जाईल आणि तिथून पुन्हा विरलेल्या भागात हरवेल. सुरुवातीला म्हटलेलं दुःख वगैरे जे काही असतं, ते या येण्याजाण्यात असतं.

कोऱ्या कागदाबद्दल मी आग्रही आहे, त्यामागे एक चित्र आहे. हासेगावा तोहाकू या जपानी चित्रकाराचे पाइन वृक्षांचे पडदे, सोळाव्या शतकाच्या शेवटचे, आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. प्रत्येकी सहा पाट्यांचे दोन पडदे, फक्त शाई आणि कागद. धुक्यात उभी असलेली काही झाडं, एका बाजूला वर बर्फाच्या डोंगराचा जेमतेम भास, आणि बाकी काहीच नाही. बहुतेक जागा कोरी आहे. तोहाकूचा मुलगा क्यूझो, तोही गुणी चित्रकार, 1593 मध्ये ऐन तारुण्यात गेला, आणि बरेच अभ्यासक या चित्राचा त्या मृत्यूशी संबंध जोडतात. तो संबंध खरा असो वा नसो, शिकायचं ते वेगळंच आहे. पुढच्या झाडांचे फटकारे जवळून बघितले तर अक्षरशः खरखरीत, जवळजवळ रागाने ओढलेले आहेत. मागची झाडं मात्र इतकी फिकट शाईत आहेत की ती आहेत की नाहीत असं वाटावं. सगळा जोर थोड्याशा जागेत आणि उरलेली जागा मोकळी. धुकं रंगवलेलं नाही, ते उरलेलं आहे. तुम्ही तळ्यावर धुकं ‘घालायला’ पांढरा रंग वापरत असाल तर तो डबा बंद करा.

आता एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. रिकामा बाक, एकटा पक्षी, गळणारं पान, किनाऱ्याला बांधलेली नाव, पाठमोरी बाई: यातलं काहीही घालू नका. तुमच्या तळ्यावर खरोखरच बाक असेल आणि तुम्ही दोघी त्यावर बसत असाल, तर गोष्ट वेगळी. पण तेव्हा तो बाक म्हणून रंगवा, त्याचा एक पाय वाकडा असेल तर वाकडा. बघणाऱ्याला हळहळ वाटावी म्हणून ठेवलेली वस्तू लगेच ओळखू येते. शुभेच्छापत्रांनी ही सगळी चिन्हं वापरून वापरून गुळगुळीत केली आहेत. अमेरिकन चित्रकार अँड्र्यू वायेथचे वडील 1945 मध्ये रेल्वे फाटकावरच्या अपघातात गेले. पुढच्या वर्षी त्याने त्या जागेजवळच्याच टेकडीचं चित्र केलं: सुकलेलं गवत, खालच्या कोपऱ्यात वितळायचा राहिलेला थोडा बर्फ आणि उतारावरून धावत येणारा एक मुलगा. वडील नाहीत, फाटक नाही, रूळ नाहीत. टेकडीच एवढी मोठी आहे की आभाळाला जेमतेम जागा उरते. ती टेकडी म्हणजे वडिलांचंच व्यक्तिचित्र आहे, असं वायेथ नंतर सांगत असे. हे आपल्याला माहीत नसतं तरी टेकडीचं वजन लागलंच असतं, कारण ते आकारात आहे.

थांबायचं कधी, हा सगळ्यांचाच प्रश्न असतो आणि तुमच्यासारख्या चित्रात जरा जास्तच. रंग लावत राहण्यात एक दिलासा असतो, हात चालू आहे तोवर त्या जागेवर राहता येतं. तो दिलासा घ्या, पण वेगळ्या कागदावर. शेजारी एक रद्दी कागद ठेवा आणि मुख्य चित्राला पुन्हा हात लावावासा वाटला की त्यावर फराटे मारा. माझ्या एका विद्यार्थिनीचे असे रद्दी कागद मूळ चित्रांपेक्षा सरस निघाले. तिने तेच जपून ठेवले आणि माझ्या मते योग्य केलं. मुख्य चित्र दुसऱ्या दिवशी खोलीच्या टोकाला उभं करून बघा. त्या एका टोकदार जागेवर डोळा जात असेल तर झालं. जात नसेल तर तिथला गडद आणखी एकदा, एकाच फटक्यात. दुसरीकडे कुठेही काही वाढवू नका.

एकच चित्र ‘ते’ चित्र व्हावं हा हट्ट मात्र सोडा. हीच जागा, हेच तीन रंग, हाच लहान आकार घेऊन पुन्हा पुन्हा करा, दर वेळी फक्त वेळ किंवा गडद भागाची जागा बदलून. मालिकेत एखादं बिघडलं तर जीव जात नाही, आणि जीव जात नाही म्हणून हात सैल होतो. कधी एखाद्या दिवशी बसवतच नाही. तेव्हा पट्टे ओढा, पाणी बदला, ब्रश धुऊन ठेवा. झोप, जेवण, कामधंदा सगळंच कोलमडत असेल तर मात्र ते चित्रकलेच्या वर्गात सुटायचं नाही. त्यासाठी त्या क्षेत्रातल्या माणसाशी बोला. चित्र चालू ठेवूनही ते करता येतं.

लोकांच्या ‘छान’बद्दल: ते चित्राला छान म्हणतात, तुमच्या आईबद्दल त्यांना काही माहीत नसतं. नाव देताना ‘विरह’, ‘पोकळी’ असलं काही देऊ नका. जागा आणि वेळ लिहा, कॉन्स्टेबलने लिहिली तशी. ज्याला आणखी विचारायचं असेल तो विचारेल.

मळलेली दोन चित्रं फाडली नसतील तर ठेवा. त्यातल्या ज्या भागात अजून कागद दिसतोय तेवढाच पुठ्ठ्याच्या चौकटीने वेगळा करून बघा. चार बोटांचा एखादा तुकडा हमखास चांगला निघतो आणि पुढच्या आराखड्याला कामाला येतो. आणि जे चित्र फ्रेम कराल, त्याची काच कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. तुम्ही यादीत अ‍ॅलिझरिन क्रिमसन लिहिला आहे, तो खराखुरा अ‍ॅलिझरिन असेल तर उन्हाने उडतो. ट्यूबवर पीआर 83 हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलाय का बघा. असेल तर त्याच्या जागी क्विनॅक्रिडोनचा लाल घ्या, किंवा या चित्रापुरता लाल घेऊच नका.